चिंचोरे काकांचं लांपांग

प्रभाकर चिंचोरे हे गृहस्थ आपण एकतीस देश पाहिले असं सांगत. त्यातल्या एका देशातल्या एका गावात मी त्यांच्याबरोबर तीन दिवस होते. त्या तीन दिवसांच्या जोरावर मी खात्रीने सांगते की या माणसाने एकही देश पाहिलेला नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही अमेरिकेत वेस्ट विंडसरला राहत होतो. काका आमच्यापासून तीन रस्ते पलीकडे. औषधांच्या कंपनीतून लवकर निवृत्त झालेले, तब्येतीने खुटखुटीत, कमरेला कायम एक चामड्याची पिशवी बांधलेली. ती पिशवी ते भाजी आणायला जातानाही बांधत. तिच्यात पासपोर्ट असायचा. अमेरिकन किराणा दुकानात पासपोर्ट कशाला लागतो हे त्यांना कोणी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

तिथल्या आमच्या मराठी मंडळात कोणी कुठून प्रवास करून आलं की काकांना आनंद व्हायचा, पण तो त्या माणसाच्या आनंदात सामील होण्याचा नव्हे. कुलकर्णी स्वित्झर्लंडला जाऊन आले. काकांनी त्यांना एका खेड्याचं नाव विचारलं. कुलकर्णींनी ते ऐकलंही नव्हतं. "मग बघितलंत काय?" असं म्हणून काका वाढून घ्यायला वळले. बिचाऱ्या कुलकर्णींना पंधरा दिवसांची रजा वाया गेल्यासारखं वाटलं. पॅरिस, लंडन, रोम ही नावं काका अशी उच्चारायचे की जणू ती धर्मशाळा आहेत. त्यांना हवी असायची आडगावं, दुसऱ्या कोणी न पाहिलेली. ती पाहण्याची त्यांना हौस होती म्हणून नव्हे, तर दुसऱ्याने पाहिली नव्हती म्हणून.

पाहण्याची त्यांची रीतही ठरलेली होती. एक लांबोडकी वही. तिच्यात प्रत्येक स्थळाला क्रमांक आणि मिनिटं. देऊळ पंचवीस मिनिटं, बाजार चाळीस, पूल दहा. जागेवर पोचलं की काका कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि निघायची वेळ झाली की काढायचे. मग म्हणायचे, "झालं ना बघून? चला." आणि वहीत बरोबरची खूण. परत आल्यावर या सगळ्याच्या स्लाइड्स त्यांच्या बेसमेंटमध्ये आम्हाला दाखवल्या जात. रविवारी दुपारी दोन वाजता म्हणजे दोन वाजता. खाली अंधारात काका बोलत असायचे आणि वर कुसुमकाकू बटाटेवडे तळत असायच्या. काकू एकतीसही देशांत बरोबर गेल्या होत्या. एकही स्लाइड शो त्यांनी पाहिलेला नव्हता, कारण वड्यांची वेळ तीच असायची.

एका ऑक्टोबरात आमच्याकडे जेवायला दहाबारा माणसं होती. काकांनी नेहमीप्रमाणे जाहीर केलं की जानेवारीत भारतातून परतताना ते थायलंडला थांबणार आहेत, पण बँकॉक किंवा चियांग मायला नाही, तिकडे सगळेच जातात. ते जाणार लांपांगला. गावाचं नाव त्यांनी असं टाकलं की आम्ही विचारावं, "ते कुठे आलं?" आम्ही विचारणारच होतो, पण त्याआधी सुरेश मेश्राम हातातली प्लेट ठेवून पुढे आला. सुरेश माझ्या नवऱ्याच्या, अनिलच्या, ऑफिसातला. जर्सी सिटीला एका उंच इमारतीत एकटा राहायचा. तो म्हणाला की त्याच्या आईकडे लांपांगहून पत्रं येतात.

काकांना हे आवडलं नाही. आपल्या न पाहिलेल्या गावात दुसऱ्याची ओळख निघावी हा त्यांना अपमान वाटला असावा. त्यांनी आधी विचारलं, "मेश्राम म्हणजे नागपूरकडचे, नाही का?" आणि 'नाही का' नंतर ते जरा थांबले. ते थांबणं आम्हाला सगळ्यांना समजलं. सुरेशला तर ते आयुष्यभर समजत आलं होतं. तो म्हणाला, "हो काका. आम्ही बौद्ध आहोत."

मग त्याने सांगितलं ते असं. त्याच्या लहानपणी नागपूरला त्यांच्या वस्तीतल्या विहारात एक मध्यमवयीन थाई भिक्खू येऊन राहिला होता. विद्यापीठात पाली शिकत होता. संध्याकाळी तो वस्तीतल्या बायकांना अक्षरं शिकवायचा. सुरेशची आई या भंतेजींकडेच लिहायला शिकली. सकाळी भिक्षापात्र घेऊन भंतेजी दारी यायचे, तेव्हा ती जे असेल ते वाढायची. बहुतेक वेळा वरण आणि भात, कधी नुसता भात. खीर वाढावी असं तिच्या फार मनात होतं, पण खिरीपुरतं दूध घरात कधी आलं नाही. भंतेजी परत गेले. आता ते लांपांगच्या एका विहारात होते आणि फार म्हातारे झाले होते. आईला आपल्या हातची खीर एकदा त्यांना वाढायची होती, बस. सुरेश त्या जानेवारीत आईला नागपूरहून सहा महिन्यांसाठी आणणारच होता. आपणही त्याच विमानाने येऊ का, असं त्याने काकांना विचारलं.

काकांनी वही काढली, पाहिलं आणि उदारपणे म्हणाले, "विहार आपल्या यादीत आहेच. पंचवीस मिनिटं आहेत. त्यात बसवा."

आम्ही तिघंही त्याच सुमारास भारतातून परतणार होतो. असे आम्ही सात जण निघालो. काका-काकू, सुरेश आणि त्याची आई, मी, अनिल आणि आमची अकरा वर्षांची रेवा. सुरेशच्या आईला आम्ही सगळे आजी म्हणायला लागलो. त्या लहानखुऱ्या होत्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, बोलायला मोकळ्या. नागपूरहून त्यांनी सोबत एक पुरचुंडी आणली होती. तिच्यात चिन्नोर तांदूळ, चारोळी आणि वेलदोडे.

लांपांग सुंदर गाव आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण काकांच्या स्लाइड्सवरून ते कळणार नाही. मधून संथ नदी वाहते. नदीकाठच्या जुन्या बाजारपेठेत लाकडी दुमजली घरं आहेत, त्यांच्या छज्ज्यांना कागद कापून करावी तशी नक्षी. सकाळच्या बाजारात बायका कमळाच्या कळ्यांच्या पाकळ्या एकेक दुमडून ठेवत बसतात. वेताच्या टोपल्यांतून चिकट भाताची वाफ येत असते. चिनी मातीच्या वाडग्यांवर लाल-काळा कोंबडा रंगवलेला. आणि रस्त्यावर घोडागाड्या, फुलं लावलेल्या. रेवाला एकीत बसायचं होतं. काका म्हणाले, "टांगे काय मिरजेला कमी आहेत?" आणि आम्हाला त्यांनी व्हॅनमध्ये कोंबलं.

सागवानाचे व्यापारी म्हणून ब्रह्मदेशातले लोक इथे येऊन राहिले होते, त्यांनी बांधलेलं एक लाकडी देऊळ पाहिलं. आत भिंतीभर काचांच्या तुकड्यांची चित्रं, खांबाखांबाला सोनेरी मुलामा. काका चित्रांकडे पाठ करून उभे राहिले आणि गाइडबुकातून त्या चित्रांचं वर्णन आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला लागले. पाच पानं. शेवटी रेवा म्हणाली, "काका, यू डिडन्ट इव्हन टर्न अराउंड."

काका म्हणाले, "फोटो काढलाय ना बाळा. घरी बघू सावकाश."

गाढवाला गुळाची चव काय, असं मी तिला नंतर हॉटेलात मराठीत सांगितलं आणि तिला गाढव एवढाच शब्द समजला. पुरेसा होता.

व्हॅनमध्ये काकांचं आणखी एक चालायचं. कुठलीही कमान, कुठलाही कळस दिसला की म्हणायचे, "हे सगळं आपल्याकडूनच गेलेलं." एकदा आजींकडे वळून त्यांनी समजावून सांगितलं की बुद्ध म्हणजे विष्णूचा नववा अवतार, त्यामुळे तसा काही फरक नाही. आजी खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "आमी तसं नाई मानत भाऊ." काकांनी मान हलवली, जशी आपण लहान मुलाने चुकीचा पाढा म्हटल्यावर हलवतो. सुरेश माझ्याकडे बघून हसला. मला तेव्हाच काही बोलायला हवं होतं. मी नुसतं हसले.

शेवटच्या दिवशी विहार. तो गावाबाहेर, अर्ध्या तासावर. त्या दिवशी पहाटेच आजी आणि कुसुमकाकू दोघी दूध शोधायला बाजारात गेल्या. तिकडे दुधाचा रतीब वगैरे प्रकार नाही. दोघींनी भाजीवाल्या बायकांपुढे गाईची धार काढायचे हातवारे केले, तेव्हा एकीने त्यांना मांसाच्या दुकानात नेलं. शेवटी एका चिनी वाण्याकडे खोक्यातलं दूध मिळालं. काकू प्रवासात भात शिजवायचा विजेचा कुकर बाळगत, कारण काकांना परदेशात दोन्ही वेळा भात लागायचा. त्या कुकरमध्ये हॉटेलच्या खोलीत खीर झाली. काकूंनी ढवळली, आजींनी वेलदोडा कुटून घातला. खोलीबाहेरपर्यंत वास आला होता. मग काकू सामान आवरायला हॉटेलवरच राहिल्या, कारण काकांच्या वहीत तसंच लिहिलेलं होतं.

भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. हे सुरेशने काकांना आदल्या रात्री सांगितलं होतं, सकाळी पुन्हा सांगितलं होतं. तरी काकांनी वाटेत एका कमानीला थांबून कॅमेऱ्याची फिल्म बदलली आणि आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. भंतेजी मागच्या बाजूला त्यांच्या कुटीत होते. सुरेश त्यांना हाताला धरून आणायला गेला. आजींनी खिरीचा स्टीलचा डबा मंडपात मूर्तीपुढच्या चौरंगावर ठेवला, शेजारी कमळाच्या कळ्या ठेवल्या, उदबत्ती लावली आणि पाय धुवायला नळाकडे गेल्या.

काका दुसऱ्या बाजूने मंडपात आले. मूर्ती दिसली, फुलं दिसली, उदबत्ती दिसली आणि पुढे डबा दिसला. आपल्याकडे जन्मभर जे पाहत आलो तेच त्यांनी पाहिलं. नैवेद्य दाखवून झालेला आहे. त्यांनी डबा उघडला, म्हणाले, "वा, प्रसाद आहे," आणि वाटायला लागले. अनिलच्या ओंजळीत, रेवाच्या ओंजळीत, व्हॅनच्या ड्रायव्हरला बोलावून त्याच्या. माझ्या ओंजळीत. मी त्या डब्याला ओळखलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. पण वास पहाटेपासून माझ्या ओळखीचा होता. काकांनी हात पुढे केला आणि मी लहानपणापासूनच्या सवयीने डाव्या हातावर उजवा हात धरला, घेतलं, डोक्याला लावलं आणि खाल्लं. नंतर कळून काय उपयोग. तळाशी राहिलं होतं ते अन्न वाया जाऊ नये म्हणून काकांनी बोटाने पुसून खाल्लं, झाकण नीट लावलं आणि डबा होता तिथे ठेवला. ते व्यवस्थित माणूस होते.

भंतेजी आले तेव्हा बाराला पाचसात मिनिटं होती. अगदी वाळलेले, पाठ वाकलेली, पण डोळे लकलकते. आजींनी तीन वेळा वाकून वंदन केलं. भंतेजी मोडक्या हिंदीत म्हणाले, "विमल. अभी लिखती है?" विमल हे आजींचं नाव. त्यांनी मान हलवली. भिक्खू बाईच्या हातातून थेट काही घेत नाहीत, म्हणून भंतेजींनी समोर एक पिवळं वस्त्र पसरलं. आजींनी डबा उचलला. उचलतानाच हाताला हलका लागला असणार, कारण त्या क्षणभर थांबल्या. तरी त्यांनी तो वस्त्रावर ठेवला आणि झाकण काढलं.

आजींनी डोकं जमिनीला टेकलं ते वर काढलंच नाही. वस्तीतल्या बायकांसारख्या मोठ्याने रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. भंतेजी काहीतरी पुटपुटत होते. कुठेतरी घंटा झाली. बारा वाजले होते. आजींनी डोकं उचललं तेव्हा डबा वस्त्रावर होता आणि सुरेश भंतेजींना उठायला हात देत होता. मी पाच हातांवर उभी होते आणि माझ्या तोंडात वेलदोड्याची चव होती. मंडपाबाहेरून काका छताचा फोटो घेत होते. ऊन चांगलं पडलंय, म्हणाले.

व्हॅनमध्ये सुरेशने त्यांना काय झालं ते सांगितलं. आवाज न चढवता कसं सांगितलं, हे मला आजही कळत नाही. काका म्हणाले, "अहो, मग आधी बोलायचंत ना. मी प्रसाद समजून वाटला. वाटला म्हणजे पोचलाच की, पुण्यच लागलं." मग वही काढून त्यांनी सांगितलं की पुढे मातीच्या भांड्यांचा कारखाना, एक तास. मी उतरून जायला हवं होतं. अनिलने खिडकीबाहेर बघितलं, मी पर्समध्ये रुमाल शोधला. आम्हा सुशिक्षित माणसांना अशा वेळी नेहमी काहीतरी शोधायचं असतं. हॉटेलवर परतल्यावर आजींनी रिकामा डबा काकूंच्या हातात दिला. काकूंनी विचारलं, "आवडली का त्यांना?" आजी म्हणाल्या, "जाऊ द्या बाई." बाकीचं मी सांगितलं. काकूंनी नळ सोडला आणि धुतलेलाच कुकर पुन्हा धुवायला घेतला.

फेब्रुवारीत काकांचा फोन आला. रविवारी दोन वाजता, लांपांग. मी जाणार नव्हते. पण सुरेशचा फोन आला की आईला यायचंय. भंतेजी गेल्याचं पत्र नागपूरवरून फिरून त्याच आठवड्यात आलं होतं. आजींकडे त्यांचा एकही फोटो नव्हता. काका इतके फोटो काढत होते, एखाद्यात चुकून भंतेजी आले असतील, एवढीच त्यांची आशा होती. सुरेशने काकांना तसं फोनवर विचारलंही होतं. काका म्हणाले होते की माणसांचे फोटो ते सहसा घेत नाहीत, वास्तू घेतात.

बाहेर गुडघाभर बर्फ. बेसमेंटमध्ये पंधरासोळा माणसं, भिंतीवर चादर. आजी पहिल्या रांगेत लोकरी टोपी घालून बसल्या. एकेक स्लाइड पडायची, काका वहीतून क्रमांक वाचायचे, आठ सेकंदांनी पुढची. विहार आला. छत. छताचा कोपरा. मग पुन्हा छत, आणि त्याखाली मंडपात, लहानशी पण स्वच्छ, दोन माणसं. काका म्हणाले, "हे तिथले पुजारी," आणि बटण दाबलं.

"थांबा," आजी म्हणाल्या. "मांगं घ्या."

काकांनी समजावून सांगितलं की मागे घेतलं की क्रम मोडतो, आणि शेवटी प्रश्नांना वेळ ठेवलेली आहे. आजी उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या अंगावर कुठल्यातरी कमानीचं चित्र पडलं. कोणीतरी मागून म्हणालं की आजी, जरा बाजूला. काका म्हणाले, "बसून घ्या. इतरांना दिसत नाहीये." सुरेश उठला. मी अजूनही बसलेलीच होते.

जिन्यावरून कुसुमकाकू खाली आल्या. हाताला बेसन होतं. वरून त्या ऐकत होत्या, किती वर्षं ऐकत होत्या कुणास ठाऊक. त्यांनी पदराला हात पुसले आणि काकांच्या हातातून ते बटण काढून घेतलं. काका म्हणाले, "अगं, वडे..." काकू म्हणाल्या, "नाहीत वडे." एवढंच. त्यांनी बटण उलटं दाबलं. चित्र परत आलं. आजी चादरीच्या अगदी जवळ जाऊन बघत राहिल्या. मिनिट, दोन मिनिटं. मग काकूंनी ती स्लाइड पुढे सरकवली, मशीनवरच्या चकतीतून बोटांनी उचलली आणि आजींच्या हातात ठेवली. दिवा लावला आणि सगळ्यांना वर चहाला चला म्हणाल्या. काका म्हणाले की ऐंशीचा संच आहे, त्यातली एक कमी होईल. लोक खुर्च्या सरकवून जिना चढायला लागले.

वर स्वयंपाकघरात आजींनी ती एवढीशी चौकट खिडकीपाशी बर्फाच्या उजेडात धरली. काकू त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या. मीही गेले. त्या दिवशी आजींचं डोकं जमिनीला टेकलेलं होतं आणि आमच्या माना खाली होत्या, त्यामुळे कोणीच जे पाहिलं नव्हतं ते त्या चित्रात होतं. भंतेजींनी तो रिकामा डबा वस्त्रावरून उचलून दोन्ही हातांत धरला होता आणि भरलेला असावा तसे ते त्यात बघत होते.

"घेतला व माय," आजी म्हणाल्या. "घेतला त्यायनं."

काकूंनी चहाचं भांडं उतरवलं आणि गॅस बंद करायला विसरल्या.

मी पर्स आणायला म्हणून खाली गेले. बेसमेंटमध्ये ट्यूबलाइट लख्ख चालू होती, त्यामुळे चादरीवर काहीच दिसत नव्हतं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. काका मशीनशेजारी उभे होते, एका हातात वही. त्यांनी बटण दाबलं, कोऱ्या चादरीकडे बघितलं आणि वाचलं, "त्रेसष्ट. नदीवरचा पूल. दहा मिनिटं." मग आठ सेकंद थांबून त्यांनी पुढचं बटण दाबलं.